कन्नड ते कॅनडा, व्हाया डांबर

रस्त्याचं काम चालू असताना कधी थांबून बघितलंय? तापलेलं डांबर काकवीसारखं ओघळत काळ्या खडीच्या अंगभर पसरतं, वरून रोलर फिरतो आणि रस्ता गुळगुळीत! पण कन्नड गावाजवळच्या औट्रम घाटासारख्या रस्त्यावर पावसाचं पाणी सतत वाहत राहिलं, की खडी सुटी होऊन चाकाखाली करकरायला लागते. असं का होतं?

दगडाची डांबरापेक्षा पाण्याशी जास्त गट्टी असते. जरा फट मिळाली, की पाणी दोघांच्या मध्ये घुसतं आणि डांबराला ढकलून देतं. या भांडणात कोण जिंकेल हे ओळखायचं, तर डांबराचा पृष्ठताण, म्हणजे त्याचे कण पृष्ठभागावर एकमेकांना किती घट्ट धरून ठेवतात, ते मोजावं लागतं.

नळाच्या तोंडाशी लोंबणारा थेंब बघा. पोट फुगतं, तरी पडत नाही. पृथ्वी त्याला खाली खेचते आणि पाण्याचे कण एकमेकांना घट्ट धरून ठेवतात. या रस्सीखेचीतून थेंबाला जो आकार येतो, त्याचा फोटो काढून शास्त्रज्ञ गणिताने पृष्ठताण शोधतात. साध्या पाण्याचा ताण मीटरला सुमारे 73 मिलिन्यूटन भरतो, तापवलेल्या डांबराचा त्याच्या निम्म्याहून कमी.

तापवलेल्या का? कारण थंड असताना थेंब लोंबायलाच तयार नसतो! ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठात 1927 साली डांबराच्याच जातीचं पिच एका नरसाळ्यात भरून ठेवलं. 2014 पर्यंत त्याचे जेमतेम नऊ थेंब पडले. मला हा जगातला सगळ्यात धीराचा प्रयोग वाटतो.

आता कॅनडाला चला. तिथे अल्बर्टा प्रांतात अथाबास्का नदीकाठच्या वाळूतच डांबर मिसळलेलं आहे. मात्र वाळूच्या बहुतेक कणांभोवती पाण्याचा पातळसा पापुद्रा असतो, त्यामुळे डांबर थेट वाळूला चिकटलेलं नसतं. कार्ल क्लार्क या शास्त्रज्ञाने 1920 नंतरच्या काळात हीच गोष्ट हेरून, गरम पाण्याने डांबर वाळूपासून सुटं करायची रीत बसवली. सुटलेलं डांबर हवेच्या बुडबुड्यांना बिलगून वर तरंगतं.

म्हणजे तिथे पाण्याने डांबर सोडवावं आणि आपल्या घाटात पाण्याने सोडवू नये! पृष्ठताण मात्र दोन्हीकडे मोजायचा.

तुम्हीही एक मोजणी करा. औषधाच्या ड्रॉपरने एका वाटीत साध्या पाण्याचे 100 थेंब टाका, दुसरीत साबणाच्या पाण्याचे 100. कोणत्या वाटीत पाणी जास्त भरलं आणि का, ते आम्हाला नक्की लिहून कळवा.