ताण आणि प्रौढ वयातील जडणघडण

ताण म्हणजे काय

नेहमीची घडी मोडून शरीराला किंवा मनाला जुळवून घ्यावे लागते, त्या अवस्थेला ताण म्हणतात. संशोधक हान्स सेल्ये यांनी १९३६ मध्ये तिचे तीन टप्पे मांडले: धोक्याची जाणीव, प्रतिकार आणि शेवटी थकवा. आनंदाच्या घटनाही ताण देतात. होम्स आणि राहे यांच्या १९६७ च्या ताणाच्या मोजपट्टीत जोडीदाराच्या मृत्यूला १०० गुण आहेत, तर विवाहाला ५०.

आघात आणि झीज

२६ जुलै २००५ रोजी मुंबईतील सांताक्रूझ वेधशाळेने चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद केली. असा आघात सर्वांवर एकदम कोसळतो. त्यामुळे अनोळखी माणसेही मदतीला धावतात. गर्दीची लोकल, घराचा हप्ता, लहान घरात आजारी वडील आणि दहावीचे मूल, हा ताण मात्र ज्याचा त्यालाच सोसावा लागतो. शरीराच्या हिशेबात तो कमी नाही. ताणाच्या वेळी कॉर्टिसॉल हे संप्रेरक थोडा वेळ वाढले तर ऊर्जा मिळते. दीर्घकाळ वाढलेले राहिले तर झोप, स्मरणशक्ती, रक्तदाब आणि रोगप्रतिकार यांवर परिणाम होतो. म्हणून ताण किती आहे यापेक्षा दोन ताणांमध्ये विसावा मिळतो का, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

वयानुसार बदलणारा अर्थ

मनोविश्लेषक एरिक एरिक्सन यांनी १९५० मध्ये मांडलेल्या विकासाच्या आठ अवस्थांपैकी तीन प्रौढपणाच्या आहेत. तरुणपणी जवळीक की एकाकीपणा, मध्यम वयात पुढच्या पिढीसाठी काही घडवणे की साचलेपण, वृद्धापकाळी आयुष्याचा स्वीकार की विषाद, असे हे पेच. ते सुटताना ताण होतोच आणि त्यातूनच व्यक्तिमत्त्वाला पुढचे वळण मिळते. नोकरी गेली तर पंचविशीत बहुधा दिशा बदलते. पन्नाशीत त्याच घटनेने स्वतःच्या किमतीचाच प्रश्न उभा राहतो.

अर्थ लावणे

मानसशास्त्रज्ञ लॅझरस आणि फोकमन यांनी १९८४ मध्ये दाखवले की एखाद्या घटनेत मन आधी दोन गोष्टी जोखते: यात आपले काय पणाला लागले आहे आणि त्याला तोंड देण्यास आपल्याकडे काय आहे. घटना बदलत नसली तरी हा अंदाज बदलू शकतो. शिकण्याची जागा नेमकी येथे आहे, आणि अशा शिकवणीचे एक उदाहरण मुंबईत सापडते.

सांताक्रूझची योगसंस्था

श्री योगेंद्र यांनी १९१८ मध्ये वर्सोव्याला दादाभाई नौरोजी यांच्या घरी सुरू केलेली द योग इन्स्टिट्यूट पुढे सांताक्रूझ पूर्वेला स्थिरावली. गुरू परमहंस माधवदासजी यांच्याकडे शिकूनही त्यांनी संन्यास घेतला नाही. विवाह केला आणि योग गृहस्थांपर्यंत नेला. ताणाच्या संदर्भात त्यांचा हाच निर्णय सर्वांत मोलाचा वाटतो, कारण हप्ता आणि आजारपण गृहस्थाच्याच वाट्याला येते. संस्थेच्या शिकवणीत आसनांइतकेच धर्म, ज्ञान, वैराग्य आणि ऐश्वर्य या चार भावांना स्थान आहे. ही चौकट सांख्य दर्शनातली. कर्तव्य ओळखणे, स्वतःला समजून घेणे, आवाक्याबाहेरचे सोडणे, सामर्थ्यावर विश्वास ठेवणे, असा या भावांचा व्यावहारिक अर्थ होतो. तो लॅझरस यांच्या मांडणीजवळ जातो, तरी दोन्हींचे उगम वेगळे आहेत. निस्पंदभाव या साधनेत स्वस्थ बसून कानावर पडणारे आवाज केवळ ऐकायचे असतात. शेजारी विमानतळ असलेल्या उपनगरात आवाजांची वाण नाही!

मर्यादा

संकटातून माणूस घडतो, हे अर्धेच खरे आहे. मानसशास्त्रज्ञ टेडेस्की आणि कॅल्हून यांनी १९९६ मध्ये आघातोत्तर वाढ मोजण्याची प्रश्नावली दिली. पण अशी वाढ सर्वांच्या वाट्याला येत नाही आणि ती आली तरी दुःख संपतेच असे नाही. अपुरे वेतन किंवा घरातली मारहाण श्वसनाच्या व्यायामाने सुटत नाही. तेथे परिस्थितीच बदलावी लागते. झोप, भूक आणि कामातले लक्ष आठवडेच्या आठवडे हरवले, तर ती उपचाराची वेळ असते. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या टेली-मानस सेवेचा क्रमांक १४४१६ आहे आणि ती विनामूल्य आहे.