स्टीलचा पेला खरंच गार असतो का?

डिसेंबरात पहाटे ओट्यावरचा स्टीलचा पेला उचलला की बोटं आखडतात. शेजारचा पोळपाट मात्र तेवढा गार लागत नाही. म्हणून धातू मुळातच थंड, असं आपण ठरवून टाकतो. प्रत्यक्षात रात्रभर एकाच स्वयंपाकघरात राहिलेल्या दोन्ही वस्तूंचं तापमान सारखंच असतं. त्वचेला वस्तूचं तापमान कळत नाही. कळतं ते एवढंच, की आपली उष्णता किती वेगाने जातेय किंवा येतेय. बोटं 30-32 अंशांवर आणि ओटा 18 अंशांवर असला, तर उष्णता बोटांतून बाहेर वाहणारच. स्टील ती लाकडाच्या शंभरएक पट सहजतेने वाहून नेतं. नागपुरात मे महिन्यात पारा 45 वर गेला की प्रवाह उलटतो आणि सावलीतला लोखंडी गजसुद्धा गरम लागतो, लाकडी दांडा मात्र धरवतो.

गोधडीबद्दलचा समजही असाच. ती ऊब ‘देते’ असं आपण म्हणतो, पण तिच्याजवळ द्यायला काही नसतं. निजलेल्या माणसाचं शरीर 70-80 वॉट उष्णता सोडत असतं, गोधडी ती फक्त अडवून धरते. बर्फवाल्याला हे पक्कं ठाऊक असतं. तो लादी भुशात घालून वर गोणपाट टाकतो आणि बर्फ जास्त वेळ टिकतो. पंख्याचं याच्या उलट: तो अंगावरचा घाम उडवतो, हवा गार करत नाही. ‘खोली जरा गार होऊ दे’ म्हणून रिकाम्या बंद खोलीत पंखा सोडून जाणाऱ्यांनी विजेचं बिल भरावं आणि गप्प बसावं. मोटारीमुळे खोली झाली तर किंचित गरमच होते.

कपाळाला हात लावून ताप ओळखणारे घरोघरी असतात. नुकतीच गार पाण्याने भांडी घासलेल्या हाताला मात्र धडधाकट पोरही तापलेलं वाटेल. एक हात गरम, एक गार पाण्यात मिनिटभर ठेवून दोन्ही एकदम कोमट पाण्यात घाला: तेच पाणी एका हाताला गार लागतं, दुसऱ्याला ऊन. बाळाच्या आंघोळीचं पाणी आजी कोपर बुडवून बघते, त्यात शहाणपण आहे. दिवसभर चटके खाणाऱ्या तळव्यापेक्षा कोपराची त्वचा पातळ. तापाला मात्र थर्मामीटरच हवा.

ठेच्याने तोंड ‘भाजतं’, तेव्हा जीभ भाजलेली नसते. सुमारे 43 अंशांपुढच्या उष्णतेची वर्दी देणारे ग्राहक मज्जातंतूंवर असतात. मिरचीतलं कॅप्सेसिन नेमकं त्यांनाच चेतवतं, आणि मेंदू आगीची बातमी खरी मानतो. हे ग्राहक शोधणारे डेव्हिड ज्यूलियस 2021 च्या वैद्यकशास्त्रातल्या नोबेलचे एक मानकरी. कॅप्सेसिन पाण्यात फारसं विरघळत नाही, त्यामुळे ठसका लागल्यावर तांब्याभर पाणी पिण्यापेक्षा घोटभर दूध बरं. पुदिन्यातलं मेंथॉल गारव्याच्या ग्राहकांना असंच फसवतं.

या साऱ्यात जिवावर बेतू शकणारा गैरसमज एकच: थंडीत दारूचे दोन घोट घेतले की अंग गरम राहतं. दारूने त्वचेखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, गरम रक्त कातडीजवळ येतं, म्हणून ऊब जाणवते. त्याच वाटेने उष्णता बाहेर पडते आणि आतलं तापमान उतरू लागतं. कुडकुडणंही कमी होतं, त्यामुळे उघड्यावर झोपलेल्या माणसाला आपण गारठत चाललोय हे कळतसुद्धा नाही.