अस्वल आलं, शेकरू राहिलं

उन्हाळी सुट्टीतल्या पुस्तक प्रदर्शनात लहान मुलांचं टेबल हल्ली चकचकीत असतं. जाड पुठ्ठ्याची पानं, गोल कोपरे, पांढऱ्याफेक पानावर एकेक प्राणी आणि खाली त्याचं नाव. वाघाच्या पायाखाली गवत नाही, पाणघोड्याला पाणी नाही. जिराफ, पांडा, पेंग्विन मात्र हटकून. ऐंशीच्या दशकात वाचायला शिकलेला आईबाप हे टेबल पाहून खट्टू होतो, कारण त्याच्या वाट्याला याहून बरं काही आलं होतं आणि तेही जवळपास फुकट.

त्याआधीची वर्षं झटकन उलटावीत. १९५७ साली नॅशनल बुक ट्रस्ट स्थापन झाला, पुढे ‘नेहरू बाल पुस्तकालय’ माला आली. तिच्यातून पशुपक्षी मराठीतही पोहोचले. हेतू चांगला होता, पण सूर बहुतेकदा हातात छडी घेतलेल्या गुरुजींचा.

खरी चंगळ झाली ती मॉस्कोमुळे. ‘प्रगती’ आणि १९८२ पासून ‘रादुगा’ ही प्रकाशनं भारतीय भाषांमध्ये पुस्तकं काढत. मराठी त्यांत होतीच. मुंबईत लोकवाङ्मय गृहात ती मिळत. किंमत अशी की खाऊच्या पैशात भागावं. ही स्वस्ताई सोव्हिएत सरकारच्या तिजोरीतली होती, म्हणून ‘सगळा प्रचार आहे’ असं नाक मुरडणारेही कमी नव्हते. जाडजूड राजकीय ग्रंथांपुरतं ते खरंही असेल. पण व्लादिमीर सुतेयेवच्या अळंबीखाली प्रचार कुठे शोधायचा? पावसात आधी मुंगी तिच्याखाली शिरते, मग फुलपाखरू, उंदीर, चिमणी आणि ससासुद्धा. सगळे मावतात, कारण पावसात अळंबी वाढत गेलेली असते. सुतेयेव मूळचा कार्टूनपटांतला माणूस. मजकूर झाकला तरी गोष्ट कळावी, अशी त्याची चित्रं.

या घराण्याचं मूळ १९२०च्या दशकातल्या लेनिनग्राडमध्ये होतं. कवी मार्शाक आणि चित्रकार लेबेदेव यांनी तिथे बालपुस्तकांसाठी चांगले हात गोळा केले. त्यांतला येवगेनी चारुशिन (१९०१–१९६५) प्राण्यांचा वेडा. त्याचं अस्वलाचं पिल्लू पाहावं. बाह्यरेषा जवळजवळ नाहीच. कोरडसर कुंचल्याने रंग असा टेकवलेला की केस पिंजारलेले दिसतात आणि पोरं पानावरून बोट फिरवतात.

याच घराण्यातल्या लेखक विताली बियांकीचे वडील पक्षितज्ज्ञ होते. कोणाची चोच सरस, यावरच्या त्याच्या गोष्टीत एक माशीमार पक्षी बाकीच्यांच्या चोची पाहून स्वतःच्या चोचीवर नाराज होतो. कोणाची वाकडी, कोणाची पिशवीसारखी, कोणाची लाकूड फोडणारी. सगळ्यांचं कौतुक ऐकून होतं न होतं तोच आकडेवाल्या चोचीचा ससाणा येतो आणि त्यालाच जेवणासाठी उचलून नेतो. गोष्ट खलास. आजच्या एखाद्या संपादकाने हा शेवट पहिल्या वाचनातच कापला असता.

डिसेंबर १९९१मध्ये सोव्हिएत संघ मोडला आणि नळ बंद झाला. ‘रंगीत छपाई परवडत नाही’ हे मराठी प्रकाशनव्यवसायातलं पालुपद मग अधिकच मोठ्याने ऐकू येऊ लागलं. ते अर्धंच खरं. चेन्नईच्या ‘तारा बुक्स’ने १९९७ साली झाडावर चढलेल्या वाघाचं पुस्तक काढलं. पुलक बिश्वास यांची त्यातली चित्रं केवळ काळ्या आणि नारिंगी रंगांत आहेत, आणि १९९९मध्ये ब्रातिस्लाव्हाच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात त्यांचा गौरव झाला. दोन रंगांत भागलं. कमतरता होती ती चित्रकाराला वेळ आणि पैसा देण्याची.

अपवाद आहेत. माधुरी पुरंदरे स्वतः लिहितात, स्वतः चितारतात. पण त्यांचा जीव रमतो तो मुख्यतः घरात आणि शेजारीपाजारी. ‘प्रथम बुक्स’ने २०१५पासून ‘स्टोरीवीव्हर’वर मराठी गोष्टीही फुकट खुल्या केल्या, फक्त त्या वाचायला पोराच्या हाती तोच फोन द्यावा लागतो, जो काढून घेण्यासाठी घरोघरी रोज भांडणं होतात.

रशियन पुस्तकांनाही एक बोल लावायलाच हवा. त्यांनी मराठी मुलांना बर्च झाडांचं रान दिलं. सह्याद्रीचं रान देणं हे त्यांचं काम नव्हतं, ते इथल्यांचं होतं. भायखळ्याच्या राणीबागेत २०१६ साली पेंग्विन आले. पुठ्ठ्याच्या पुस्तकांत त्यांची जागा आधीपासूनच पक्की होती. शेकरू महाराष्ट्राचा राज्यप्राणी. भीमाशंकरच्या रानात तो या झाडावरून त्या झाडावर लांब उड्या घेतो आणि काटक्या-पानांची एकाहून अधिक घरटी बांधतो. चित्रकाराला इतका आयता विषय दुसरा कुठला मिळणार? तरी प्रदर्शनातल्या त्या टेबलावर शेकरू मागून पाहावा. विक्रेता खारीचं पान उघडून दाखवतो, आणि ती खारही परदेशी असते.