राखीव आयपी पत्त्यांचा अधिकार कोणाकडे?

इंटरनेटवर यंत्रांना परस्परांपर्यंत पोहोचता यावे म्हणून दिल्या जाणाऱ्या क्रमांकाला आयपी पत्ता म्हणतात, आणि या पत्त्यांच्या चौथ्या आवृत्तीची, म्हणजे आयपीव्ही४ची, रचना ३२ बिटांची असल्याने त्यांची एकूण संख्या सुमारे ४२९ कोटींपलीकडे जाऊ शकत नाही. या मर्यादित साठ्यातले काही पट्टे कोणत्याही कंपनीला वा देशाला मिळत नाहीत, कारण ते विशिष्ट कामांसाठी बाजूला काढलेले असतात. १२७ने सुरू होणारे सुमारे १ कोटी ६७ लाख पत्ते यंत्राने केवळ स्वतःशीच संवाद साधावा यासाठी आहेत, आणि त्यांपैकी व्यवहारात बहुतेक वेळा १२७.०.०.१ हा एकच वापरला जातो. अशी उधळपट्टी १९८०च्या दशकात सहज खपून गेली. घरातील राउटरच्या तळाशी चिकटवलेल्या कागदावर दिसणारा १९२.१६८ने सुरू होणारा पत्ता खासगी वापराच्या पट्ट्यातला असतो. फेब्रुवारी १९९६मधील आरएफसी १९१८ या दस्तऐवजाने त्या वापराला आजचे रूप दिले, आणि म्हणूनच एकच पत्ता साताऱ्यातील व शिकागोतील घरांत एकाच वेळी नांदू शकतो.

या पट्ट्यांची अधिकृत नोंदवही आयाना, म्हणजे इंटरनेट असाइन्ड नंबर्स अथॉरिटी, ही यंत्रणा सांभाळते. ऑक्टोबर १९९८मध्ये निधन होईपर्यंत जॉन पोस्टेल हे संगणकशास्त्रज्ञ तिचा प्रमुख आधार होते. पुढे ते काम आयकॅन या संस्थेकडे गेले, आणि त्यावर असलेली अमेरिकी सरकारची कंत्राटी देखरेख १ ऑक्टोबर २०१६ रोजी संपली. मात्र नोंद ठेवणारा आणि निर्णय घेणारा एकच नसतो. २०००मध्ये झालेल्या समझोत्यानुसार पत्त्यांच्या सर्वसाधारण वाटपाचे धोरण आयईटीएफच्या कक्षेबाहेर ठेवण्यात आले, तर विशेष तांत्रिक कामांसाठी पट्टे राखण्याचा अधिकार तिच्याकडेच राहिला. आयईटीएफ, म्हणजे इंटरनेट इंजिनिअरिंग टास्क फोर्स, ही प्रोटोकॉल ठरवणाऱ्या अभियंत्यांची खुली संघटना असून तिला औपचारिक सभासदत्व नाही. तेथे मतदान टाळून ढोबळ सहमती अजमावली जाते, आणि त्यासाठी सभागृहातील लोकांना मिटल्या ओठांनी गुणगुणायला सांगण्याचीही प्रथा आहे. एवढ्या दूरगामी निर्णयांसाठी ही रीत विचित्र वाटेल खरी, पण बहुमताच्या जोरावर एखादी गंभीर तांत्रिक हरकत बाजूला सारली जाऊ नये, हा तिच्यामागील विचार आहे.

हा अधिकार नेमका कोणाचा, हे २०११मध्ये कसोटीला लागले. सार्वजनिक पत्ते संपत आल्याने सेवापुरवठादार अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवू लागले होते, आणि ग्राहकाच्या घरातील खासगी पत्त्यांशी टक्कर होऊ नये म्हणून पुरवठादाराच्या जाळ्यासाठी त्यांना वेगळा, सामायिक पट्टा हवा होता. उत्तर अमेरिकेतील पत्ते वाटणाऱ्या एरिन या प्रादेशिक संस्थेत तसा प्रस्ताव आलाही. परंतु असा विशेष पट्टा राखणे हे आयईटीएफचे काम असल्याची भूमिका इंटरनेटच्या वास्तुरचनेवर लक्ष ठेवणाऱ्या मंडळाने घेतली. विषय तेथे गेल्यावर मोठा वाद झाला, कारण अशी सोय म्हणजे आयपीव्ही६ या नव्या आवृत्तीकडे जाणे लांबवण्याला दिलेले उत्तेजन, असे अनेकांना वाटत होते. अखेर एप्रिल २०१२मध्ये आरएफसी ६५९८ने १००.६४.०.०पासूनचे सुमारे ४२ लाख पत्ते राखले. ते आले एरिनच्याच साठ्यातून, आणि सहमती फारच ढोबळ होती हे त्या दस्तऐवजातच नमूद आहे. पराभूत बाजूची छाया निर्णयाच्या मजकुरात ठेवण्याचा हा प्रामाणिकपणा सरकारी राजपत्रांत क्वचितच आढळतो.

तथापि निर्णयाचा अधिकार असला म्हणजे तो अमलात आणता येतोच असे नाही. २४०पासून २५५पर्यंतच्या आकड्यांनी सुरू होणारे सुमारे २६.८ कोटी पत्ते, म्हणजे एकूण साठ्याचा सोळावा हिस्सा, १९८९मध्ये भविष्यातील वापरासाठी राखले गेले. ते खुले करण्याचे प्रस्ताव २००८मध्ये व पुन्हा २०२१मध्ये आले, पण दरम्यान असंख्य राउटर आणि संगणकप्रणाली हे पत्ते अवैध समजूनच घडवल्या गेल्या होत्या. दस्तऐवज बदलला तरी जुनी यंत्रे ते पत्ते नाकारतच राहतील, आणि असा पत्ता ज्याच्या वाट्याला येईल त्याचा संपर्क जगाच्या अनिश्चित भागाशी होणारच नाही. शिवाय सार्वजनिक साठ्यातील शेवटचे पाच मोठे पट्टे ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटले गेले, त्याआधीच्या वर्षात तेवढ्याच आकाराच्या पट्ट्यांची उचल महिन्याला एकाहून अधिक होती. त्या वेगाने २४० ते २५५ या आकड्यांचे हे १६ पट्टे फार तर वर्ष-सव्वा वर्ष पुरले असते. आयानाच्या नोंदवहीत त्यांच्यापुढे ऑगस्ट १९८९ ही तारीख असून मुदतसमाप्तीच्या रकान्यात कोणतीही तारीख नाही.