गेमवेड्या स्वमग्न मुलासाठी भेट घेताना

‘तेवढंच स्क्रीनपासून लांब राहील’ म्हणून बरेच नातेवाईक वाढदिवसाला मुद्दाम गेम सोडून दुसरंच काही आणतात. हेतू चांगला असतो, पण मुलाला कळतं ते एवढंच, की त्याची आवड कुणाला नको आहे. सुरुवात त्याच्या गेमपासूनच करा.

आधी आईबाबांना विचारा: कोणता गेम आणि तो कशावर खेळतो? निन्टेन्डो स्विचचा गेम प्लेस्टेशनवर चालत नाही.

‘माइनक्राफ्ट’ आवडत असेल तर लेगोचे माइनक्राफ्ट संच मिळतात. पडद्यावरचा हिरवा क्रीपर हातात येतो, ठोकळ्यावर ठोकळा खटकन बसतो. खास स्वमग्न मुलं आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी ‘ऑटक्राफ्ट’ हा माइनक्राफ्ट सर्व्हरही आहे. इतर सर्व्हरवर या मुलांना त्रास दिला जाई, म्हणून कॅनडातल्या स्टुअर्ट डंकन यांनी तो २०१३ मध्ये सुरू केला. ते स्वतः स्वमग्न आहेत आणि एका स्वमग्न मुलाचे वडीलही.

गेमचं चित्र असलेला टीशर्ट घेतलात तर मानेमागचं लेबल उसवून, एकदा धुऊन मगच द्या. ते टोचणारं लेबल काही मुलांना दिवसभर सहन होत नाही.

पुडक्यात काय असेल याची काहींना धास्ती वाटते. अशा वेळी काय आणलंय ते आधीच सांगून टाका, चमकता कागद नकोच. आणि त्याने वयाच्या मानाने ‘लहान मुलांचा’ गेम मागितला, तर तोच द्या.