थर्मोस्टॅट बदलण्याआधी चमचाभर साखर वितळवून पाहा

नाताळ जवळ आला की नोएडातल्या सोसायट्यांमध्ये माळ्यावरचे ओटीजी खाली उतरतात. अनेक महिने बंद असलेला ओव्हन पहिल्याच घाण्याला त्रास देतो. केक वरून करपतो आणि आत ओला राहतो, नाहीतर अर्धा तास झाला तरी नानकटाईला रंगच चढत नाही. दुरुस्तीवाल्याला बोलावले, की ‘थर्मोस्टॅट गेला’ हे निदान ठरलेले. कधीकधी ते बरोबरही असते. मात्र भट्टीच्या आत प्रत्यक्षात किती तापमान आहे, हे तोवर कोणीच पाहिलेले नसते. म्हणून थर्मोस्टॅट नवा बसतो, पैसे जातात आणि पुढचा केकही तसाच करपतो.

रॉड तापतो कसा?

ओव्हनच्या रॉडमध्ये नायक्रोमची बारीक तार असते. सुमारे 80 टक्के निकेल आणि 20 टक्के क्रोमियम असलेल्या या मिश्रधातूचे पेटंट अमेरिकेतील अल्बर्ट मार्श यांना 1906 साली मिळाले. तार लाल झाली की तिच्यावर क्रोमियम ऑक्साइडचा पातळ थर धरतो आणि तो आतल्या धातूला जळू देत नाही. नायक्रोमचा आणखी एक गुण दुरुस्तीच्या कामी येतो. बल्बातल्या टंगस्टनचा विद्युतरोध तापल्यावर दहापटीहून जास्त वाढतो, नायक्रोमचा मात्र फार थोडा बदलतो. त्यामुळे थंड रॉडवर मल्टिमीटर लावून मिळालेला आकडा गरम रॉडलाही जवळजवळ लागू पडतो.

हिशेब सोपा आहे. व्होल्टेजचा वर्ग करून त्याला वॅटने भागले की ओहम मिळतात. 230 व्होल्टवर 750 वॅट देणाऱ्या रॉडचा रोध सुमारे 70 ओहम यायला हवा. मीटरने रोध अनंत दाखवला तर आतली तार तुटली आहे. वरचा किंवा खालचा एकच रॉड तापत असेल, तर थर्मोस्टॅटला दोष देण्याआधी हे तपासावे. त्याहीआधी वर-खाली रॉड निवडण्याचा नॉब नीट जागेवर आहे ना, हे बघावे.

ओव्हन अजिबात तापत नसेल, तर पहिला संशय टायमरवर घ्यावा. बहुतेक ओटीजींमध्ये टायमर शून्यावर असला की रॉडकडे वीजच जात नाही.

नोएडाची वीज, नोएडाची हवा

रॉडची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. 1500 वॅटच्या ओव्हनला 230ऐवजी 200 व्होल्ट मिळाले, तर तो 1135 वॅटच्या आसपास येतो. व्होल्टेज 13 टक्क्यांनी उतरले की उष्णता चक्क 24 टक्क्यांनी घटते. उन्हाळ्यात एसी आणि हिवाळ्यात गीझर-हीटर एकाच वेळी चालू झाले की हा फरक जाणवू लागतो. अशा वेळी ओव्हन तापायला उशीर लावतो, पण थर्मोस्टॅट ठीक असेल तर तो ठरलेल्या अंशावरच वीज तोडतो. म्हणून उशिरा तापणे आणि चुकीचे तापणे हे दोन वेगळे आजार मानावेत.

उंच इमारतींमध्ये आणखी एक अडचण असते. वीज गेल्यावर सोसायटीचा जनरेटर सुरू होतो, पण त्यावर प्रत्येक घराला मिळणारा भार मर्यादित असतो. ती मर्यादा ओलांडली की मीटर घराचा पुरवठा तोडतो. तिथे ओव्हनचा काहीच दोष नसतो.

ऋतूचाही परिणाम होतो. भिंतींतून बाहेर जाणारी उष्णता आतल्या आणि बाहेरच्या तापमानातील फरकावर ठरते. जूनमध्ये स्वयंपाकघर 40 अंशांवर असेल, तर 180 अंशांच्या भट्टीशी फरक 140 अंशांचा. जानेवारीत ते 12 अंशांवर आले की तोच फरक 168 होतो, म्हणजे उष्णतेची गळती सुमारे 20 टक्क्यांनी वाढते. थंडीत ओव्हन आधी तापवून घ्यायला जास्त वेळ द्यावा तो यासाठीच. दार नीट बसत नसेल, तर ही गळती आणखी वाढते.

थर्मोस्टॅट तापमान दाखवत नाही

साध्या ओटीजीच्या थर्मोस्टॅटमध्ये दोन धातूंची एकमेकांना चिकटवलेली पट्टी असते. एक धातू उष्णतेने जास्त पसरतो, दुसरा कमी. त्यामुळे वाळत घातलेल्या पापडाची कड वळावी तशी ती पट्टी वाकते आणि ‘टक’ आवाजासरशी वीज तोडते. थंड झाली की पुन्हा जोडते. कमी पसरणाऱ्या बाजूसाठी इन्व्हार या निकेल-लोखंडाच्या मिश्रधातूचा उपयोग होतो. तो शोधणारे शार्ल गियोम यांना 1920 साली भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले.

ही पट्टी अनेकदा भट्टीच्या मध्यभागी नसते, बाजूच्या नॉबांमागे असते. तिला कळते ते भिंतीचे तापमान. शिवाय ती तोडते एका अंशावर आणि जोडते त्याहून बऱ्याच खालच्या अंशावर. म्हणून भट्टीतले तापमान ठरवलेल्या अंशाच्या वर-खाली होत राहते, आणि इतकी हालचाल निरोगी ओव्हनमध्येही असते. खरा बिघाड वेगळा दिसतो. संपर्कबिंदू वितळून चिकटले तर रॉड तापतच राहतो, ‘टक’ आवाज येतच नाही. ते काजळले तर वीज अधूनमधून जाते. पट्टीचा ताण बदलला तर प्रत्येक वेळी ठरावीक अंशांची चूक होते.

साखरेची परीक्षा

ही चूक ओळखायला बाहेरून एक खात्रीचा अंश लागतो. नोएडापासून फार दूर नसलेल्या दिल्लीच्या पुसा भागातील राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा देशाच्या तापमानाचे मानक सांभाळते. 1990 साली जगाने स्वीकारलेल्या तापमानश्रेणीत शुद्ध धातूंचे गोठणबिंदू हे स्थिर टप्पे मानले आहेत. इंडियमचा 156.5985 अंश, कथिलाचा 231.928 अंश. आपला केक आणि नानकटाई याच दोन टप्प्यांच्या मध्ये भाजल्या जातात.

स्वयंपाकघरात हेच काम साखर करते. साखर सुमारे 186 अंशांना वितळते. नॉब 175वर ठेवून ओव्हन पंचवीस मिनिटे तापवा, मधल्या जाळीवर फॉइलच्या वाटीत चमचाभर साखर पंधरा मिनिटे ठेवा. दाणे तसेच राहायला हवेत. मग नॉब 195वर नेऊन ओव्हन पुन्हा स्थिर होऊ द्या आणि नवी साखर ठेवा, ती वितळायला हवी. 175वरच वितळली तर ओव्हन जास्त तापतो. 195वरही दाणे कोरडे राहिले तर कमी तापतो. साखर जास्त वेळ ठेवू नका, कारण शुद्ध धातूसारखी ती नेमक्या अंशाला बांधलेली नसते. बराच वेळ तापली तर त्याहून कमी अंशालाही विघटन होऊन ती मऊ पडते.

नेमका आकडा हवा असेल, तर जाळीवर ठेवायचा साधा ओव्हन-थर्मामीटर आणा. अर्ध्या तासात अनेकदा वाचून सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी आकड्यांची सरासरी काढा. लेझरच्या बंदुकीसारखा मापक चकचकीत स्टीलवर फसवा आकडा देतो. चूक दर वेळी सारखीच, समजा 20 अंशांची, येत असेल, तर एक चिठ्ठी ओव्हनवर चिकटवा आणि नॉब तेवढा मागे-पुढे ठेवा. आकडा कधी एक, कधी भलताच येत असेल किंवा रॉड न थांबता तापतच राहत असेल, तरच थर्मोस्टॅट बदलायला सांगा.

इथे हात घालू नका

1500 वॅटचा ओव्हन साडेसहा अँपिअर वीज ओढतो, म्हणून तो 6 अँपिअरच्या पॉइंटवर लावू नये, 16 अँपिअरच्याच पॉइंटवर लावावा. सैल पिनेत एकच ओहम रोध उभा राहिला, तर तिथे 40 वॅटहून जास्त उष्णता तयार होते आणि सॉकेट काळवंडते. पावसाळ्यानंतर ओव्हन लावताच ईएलसीबी, म्हणजे वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, पडत असेल, तर रॉडमधल्या मॅग्नेशियम ऑक्साइडच्या भुकटीत ओल शिरल्याची शक्यता मोठी असते. ईएलसीबीला वगळून ओव्हन चालवणे जिवावर बेतू शकते. रॉडचे इन्सुलेशन जाणकार वायरमनकडून मोजून घ्या. मल्टिमीटर लावण्याआधी पिन सॉकेटमधून काढा आणि ओव्हन पूर्ण गार होऊ द्या.

तक्रार घेऊन दुरुस्तीवाल्याकडे जाताना तीन गोष्टी लिहून न्या: घरातले व्होल्टेज, रॉडचे ओहम आणि साखरेच्या परीक्षेचा निकाल. एवढी मोजमापे हातात असली, तर चांगला थर्मोस्टॅट विनाकारण फेकला जाणार नाही आणि बिघडलेला लपून राहणार नाही.