अब्राम, इब्राहिम, आबाजी

बोरी नदीला पाणी आल्याची बातमी लागली की रविवारी सोलापूरकरांच्या गाड्या हैदराबाद रस्त्याने नळदुर्गाकडे वळतात. भुईकोट किल्ला आणि समोरचे रणमंडळ यांच्यामध्ये नदी अडवून दगडी धरण घातले आहे आणि त्या धरणाच्या पोटात पाणीमहाल आहे. वरून दोन सांडव्यांतून पाणी कोसळते. लोकांनी त्यातल्या एकाला नर आणि दुसऱ्याला मादी ठरवून टाकले आहे. अंधारा जिना उतरून आतल्या सज्जात उभे राहिले, तर कमानीबाहेर पाण्याचा पडदा दिसतो. तोंडावर तुषार येतात, पायाखालची फरशी मात्र कोरडी असते. हे काम 1613 च्या सुमाराचे, विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकिर्दीतले.

इब्राहिम म्हणजे बायबलातला अब्राहाम. ‘उत्पत्ती’च्या 17 व्या अध्यायात देव नव्व्याण्णव वर्षांच्या अब्रामाला सांगतो, की यापुढे तुझे नाव अब्राहाम, म्हणजे पुष्कळ राष्ट्रांचा पिता. (आजकाल गॅझेटात नाव बदलून घेणाऱ्याला एवढी वाट पाहावी लागत नाही.) ज्यू, ख्रिस्ती आणि मुसलमान हे तिघेही त्याला आपला मूळपुरुष मानतात. मात्र तो आपल्या कोणत्या मुलाचा बळी द्यायला निघाला होता, यावर एकमत नाही. बायबलात इसहाकाचे नाव आहे, तर मुसलमानी परंपरेत सहसा इस्माईलचे घेतात. मुलाच्या जागी शेवटी मेंढा आला. बकरी ईदच्या आधी सोलापूरच्या बाजारात काळ्याभोर उस्मानाबादी बकऱ्यांचे भाव चढतात, ते याच गोष्टीपायी.

सोळाव्या शतकातल्या दख्खनमध्ये या नावाची अक्षरशः गर्दी होती. विजापूरला पहिला इब्राहिम आदिलशहा 1534 ते 1558 गादीवर होता. त्याच्या आजोबांचे नाव युसुफ आणि वडिलांचे इस्माईल. पाहा, जुन्या करारातली अर्धी वंशावळ एकाच घरात! गोवळकोंड्याला 1550 पासून इब्राहिम कुतुबशहा होता, म्हणजे काही वर्षे दोन शेजारी राज्यांत दोन इब्राहिम एकाच वेळी राज्य करत होते. अहमदनगरलाही 1595 मध्ये इब्राहिम निजामशहा गादीवर आला आणि अवघ्या काही महिन्यांत विजापूरच्या फौजेशी लढताना मारला गेला. त्या वेळी विजापूरच्या गादीवर दुसरा इब्राहिम होता. लढाई इब्राहिमाची इब्राहिमाशीच झाली म्हणायची.

या सगळ्या ओढाताणीत सोलापूरच्या वाट्याला आले ते हुंड्याचे जिणे. 1524 मध्ये इस्माईल आदिलशहाची बहीण मरियम हिचे लग्न बुऱ्हाण निजामशहाशी सोलापुरातच लागले. हुंडा म्हणून सोलापूर आणि साडेपाच परगणे द्यायचे ठरले, पण ते दिले गेले नाहीत. निजामशाही आणि आदिलशाही पुढे कित्येक वर्षे भांडत राहिल्या. चाळीसएक वर्षांनी अहमदनगरच्या चाँदबिबीचे लग्न अली आदिलशहाशी झाले, तेव्हाही सोलापूर पुन्हा हुंड्यातच! चाँदबिबीला मूल नव्हते. तिने सांभाळला तो नवऱ्याचा पुतण्या. 1580 मध्ये नऊ वर्षांचा असताना गादीवर बसलेला हा मुलगा म्हणजेच दुसरा इब्राहिम.

तलवारीपेक्षा तंबोऱ्यात अधिक रमणारा हा राजा. आपल्या तंबोऱ्याचे नाव त्याने ‘मोतीखान’ ठेवले होते आणि हत्तीचे ‘आतिशखान’. दख्खनी बोलीत लिहिलेल्या त्याच्या ‘किताब-ए-नौरस’मध्ये रागांनुसार पदे आहेत, त्यांत सरस्वती आणि गणपती यांचे स्तवनही येते. लोक त्याला ‘जगद्गुरू’ म्हणत. दख्खनच्या इतिहासासाठी अभ्यासक ज्याच्याकडे आधी धाव घेतात, तो फिरिश्ता याच दरबारातला. त्याच्या ग्रंथाचे दुसरे नाव आहे ‘गुलशन-इ-इब्राहिमी’. पुस्तकालाही बादशहाचेच नाव! 1627 मध्ये इब्राहिम वारला. सोलापूरपासून शंभरेक किलोमीटरवर विजापुरात त्याची कबर आहे, तो इब्राहिम रोजा. विजापूरला जाणारे बहुतेक जण गोलघुमटात आवाज घुमवून परततात. नाजूक कोरीवकामाच्या बाबतीत मात्र रोजाच सरस. ज्याला निवांतपणे दगड पाहायचा आहे, त्याने आधी तिथे जावे.

नाव एकच, पण हाक मारणाऱ्याच्या जिभेप्रमाणे त्याचा उच्चार बदलतो. गोवळकोंड्याच्या इब्राहिमाने गादीवर येण्यापूर्वीची सात वर्षे विजयनगरला रामरायाच्या आश्रयाने काढली. तिथे त्याला तेलुगूची गोडी लागली. पुढे त्याने तेलुगू कवींना आश्रय दिला आणि अद्दंकी गंगाधराने ‘तपतीसंवरणोपाख्यानमु’ हे काव्य त्याला अर्पण केले. तेलुगू कवितेत तो ‘मलिकिभराम’ होतो, आणि हे नाव ऐकले तर सोलापूरच्या पूर्व भागातल्या पद्मशाली घरातल्या आजोबांना ते आपल्याच भाषेतले वाटेल. हैदराबादजवळचे इब्राहिमपट्टणम त्याच्याच नावाचे.

मराठीने या नावाचा ‘इभ्राम’ केला. अफझलखानाच्या भेटीला जाताना शिवाजी महाराजांनी निवडक अंगरक्षक बरोबर घेतले होते, त्यांत सिद्दी इब्राहिम होता. शंभर वर्षांनी पानिपतावर मराठ्यांच्या तोफा सांभाळणारा इब्राहिमखान गारदी जुन्या मराठी लिखाणात ‘इभ्रामखान’ म्हणूनही भेटतो. फ्रेंच सेनापती बुसीच्या हाताखाली कवायत शिकलेला हा माणूस आधी निजामाकडे होता. 14 जानेवारी 1761 रोजी तो शेवटपर्यंत मराठ्यांच्या बाजूने उभा राहिला, अफगाणांच्या हाती सापडला आणि मारला गेला. पानिपताचे आणि या नावाचे काही बरे नव्हते. 1526 मध्ये त्याच मैदानावर बाबराशी लढताना दिल्लीचा इब्राहिम लोदी पडला होता.

कोकणातल्या बेने इस्राएलांनी तर नाव पार घरचे करून टाकले. तेल गाळणारी आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारी ही मंडळी, म्हणून त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. त्यांच्यात अब्राहामाचा ‘आबाजी’ झाला. गावावरून आडनाव लावण्याची रीतही त्यांनी उचलली. चित्रपटांतले ‘डेव्हिड’ म्हणजे डेव्हिड अब्राहम चेऊलकर. मुलाचे नाव, मग वडिलांचे, मग गाव, असे अस्सल मराठी वळणाचे हे नाव. ‘बूट पॉलिश’मधल्या जॉनचाचाच्या भूमिकेसाठी त्यांना फिल्मफेअर पुरस्कार मिळाला आणि 1969 मध्ये पद्मश्री. गांधीजींच्या डॉक्टरांपैकी एक डॉ. अब्राहम सॉलोमन एरुलकरही याच समाजातले. त्यांची मुलगी लीला पुढे सायप्रसचे राष्ट्राध्यक्ष ग्लाफकोस क्लेरिडेस यांची पत्नी झाली.

मराठी शाळेत मात्र अब्राहम म्हटले की डोळ्यांसमोर येतो तो लिंकनच. शिक्षकांच्या खोलीत भिंतीवर त्याने मुलाच्या हेडमास्तरांना लिहिलेले पत्र टांगलेले असते. वसंत बापटांच्या अनुवादामुळे ते घरोघरी पोहोचले. खुद्द लिंकनने ते लिहिल्याचा पुरावा मात्र नाही. लिंकनचा खरा परिणाम आपल्याकडे झाला तो कापसावर. 1861 मध्ये त्याने दक्षिणेकडच्या बंदरांची नाकेबंदी केली, मँचेस्टरला जाणारा अमेरिकेचा कापूस थांबला आणि मुंबईत भाव कडाडले. सोलापूरला रेल्वे त्याच्या आदल्याच वर्षी, 1860 मध्ये, आली होती. 1877 मध्ये इथे पहिली कापड गिरणी निघाली. तीच पुढे ‘जुनी गिरणी’.

आता थोडे पहिल्या इब्राहिमाविषयी, कारण दुसऱ्याच्या तंबोऱ्यापुढे हा बिचारा झाकला जातो. गादीवर येताच त्याने महसुलाचे हिशेब फारसीऐवजी ‘हिंदवी’त लिहायचा हुकूम काढला आणि ते काम ब्राह्मण कारकुनांकडे सोपवले. ही नोंद फिरिश्ताची. ही हिंदवी म्हणजे मुख्यतः मराठी, असे ग्रँट डफपासून अनेकांनी मानले. मराठी दफ्तराला राजाश्रय मिळाला त्याची एक मोठी पायरी या हुकमात आहे, असे म्हणायला हरकत नाही. सोलापूर, अक्कलकोट, मंगळवेढा, सांगोला या भागांतल्या कुलकर्णी-देशमुखांच्या वाड्यांत मोडी कागदांची बाडे अजून सापडतात. वाडा उतरवताना ती रद्दीत जातात. यंदाच्या दिवाळीत माळा झाडताना असे बाड हाती लागले, तर रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी मोडी वाचणाऱ्या एखाद्या माणसाला ते दाखवा.